तीन भिंतींचं घर

तातेरावची आणि माझी ओळख शिट्टीने झाली. शिट्टी त्याची आणि वाजली माझ्यावर. साठीकडे झुकलेल्या शिक्षिकेवर, तिच्याच वर्गातल्या पोरांसमोर कुणी शिट्टी वाजवली तर तिला काय वाटेल, याचा काडीचाही विचार न करता त्याने ती दोनदा वाजवली.

आमच्या नारायणगुड्याच्या शाळेची सहल होती. सातवीची पोरं घेऊन मी दरवर्षी गोवळकोंड्याला जायची. लोक किल्ल्यात शिरतात, दरवाजाखाली टाळी वाजवून आवाज वर पोचतो का बघतात, माथ्यावर चढून फोटो काढतात आणि घरी जातात. मी पोरांना आधी बाहेरचा कोट दाखवायची. राजवाडा राजाच्या कामाचा, कोट मात्र आत राहणाऱ्या सगळ्यांच्या कामाचा, एवढं तरी त्यांच्या डोक्यात शिरावं असं मला वाटायचं. तर त्या कोटाला मी पाठ टेकली आणि चपलेतला खडा काढायला लागले, तेवढ्यात शिट्टी.

“ओ अम्मा! दीवार को टेका नक्को देओ!”

खाकी शर्टातला एक काटकुळा माणूस तरातरा येत होता. मी हलले नाही. तो जवळ आला आणि स्वतःशीच मराठीत पुटपुटला, “भिंत काय हिच्या बापाची हाय का?”

इतर भाषांतला अपमान मी ऐकून सोडून देते. मराठीतला सोडत नाही. “माझ्या बापाची नाही, तशी तुझ्याही बापाची नाही,” मी म्हणाले.

त्याचं तोंड उघडंच राहिलं. मग तो एवढा हसला की शिट्टी गळ्यातल्या दोरीवर नाचायला लागली. “मराठी? गाव कोणतं, बाई?”

“नांदेड.”

“आमचं देगलूर! जयभीम, बाई.”

“जयभीम.”

“पण पाठ काढा तिथून,” तो म्हणाला.

असा हा तातेराव. पायाला कायमची भिंगरी. कोटाचा एक लांबलचक तुकडा, एका बुरुजापासून पुढच्या दरवाजापर्यंत, राखायचं काम त्याच्याकडे होतं. नोकरी कंत्राटी, शर्ट एजन्सीचा, शिट्टी स्वतःची. बसायला प्लास्टिकची खुर्ची दिलेली होती, पण तिच्यावर त्याचा जेवणाचा डबा बसायचा. तो स्वतः इकडून तिकडे फिरत असायचा आणि बोलतानाही एका पायावरून दुसऱ्या पायावर जायचा. त्याच्याशी दहा मिनिटं बोललं की आपल्यालाच धाप लागायची.

शत्रू त्याला पुष्कळ होते. दगडावर बदाम कोरणारे प्रेमिक, सांध्यात खुंटी ठोकून शेळ्या बांधणारे, क्लासची पोस्टरं चिकटवणारे, दोन दगडांतली फट बघून त्यात गुटख्याच्या पुड्या कोंबणारे. या सगळ्यांना तो एकाच मापाने मोजायचा आणि एकच प्रश्न विचारायचा, भिंत तुमच्या बापाची आहे का. एकाच शत्रूपुढे त्याचा हात अडखळायचा. कोटाच्या सांध्यात पिंपळ उगवतो, त्याची मुळं आत शिरतात आणि मोठमोठे दगड सुटे करतात. तो कोवळा असतानाच उपटावा लागतो. आता बौद्धाच्या पोराने पिंपळ उपटायचा कसा? तातेरावने तोडगा काढला होता. रोप अलगद काढायचं आणि तेलाच्या रिकाम्या डब्यात लावायचं. भेटेल त्याला तो पिंपळ द्यायचा. माझ्या बाल्कनीत दोन आहेत. घरमालक त्यावरून माझ्याशी अजून भांडतो.

पुढच्या वर्षी त्याने मला घरी चहाला नेलं आणि मी दारातच थबकले. कोटाच्या आतल्या बाजूला, एका वळणावर, कोटालाच चिकटून त्याचं घर होतं. एकटंच. तीन बाजूंना विटांच्या भिंती, वर पत्रा, आणि चौथ्या बाजूला काळे, माणसाएवढाले दगड. गोवळकोंड्याचा कोट सरळ त्याच्या घरात आलेला होता.

“आमचं घर तीन भिंतींचं,” त्याची आई विठाबाई म्हणाली. “चौथी आयती मिळाली.”

तातेरावचा बाप देगलूरहून रोजंदारीला आला तेव्हा त्याने वारा अडेल अशी जागा शोधली आणि कोटाला पत्रा टेकवला. तातेराव तिथेच जन्मला. त्या भिंतीत एक जुना कोनाडा होता. त्यात बुद्धाची मूर्ती आणि बाबासाहेबांचा फोटो. खिळा एकही नाही, कारण बापाने ठोकायला घेतलेला पहिलाच खिळा वाकला होता.

दरवर्षी धम्मचक्र दिनाआधी विठाबाई त्या दगडांना पोतारा द्यायची. मराठवाड्यात बायका घराच्या भिंती चुन्याने नाहीतर पांढऱ्या मातीने सारवून काढतात, तोच पोतारा. ती चुन्यात नीळ घालायची. त्यामुळे बाहेरून काळाकभिन्न असलेला तो कोट या एका घरात आकाशी निळा होता. मी आजवर पुष्कळ किल्ले पाहिले, पण निळा किल्ला तेवढाच.

“काय रे,” मी तातेरावला म्हणाले, “बाहेर माझ्या पाठीवरून शिट्ट्या वाजवतोस, आणि तुझं अख्खं घर त्याच भिंतीला टेकलेलं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच का?”

मी चेष्टेत म्हटलं होतं. तो हसला नाही. “म्हणून तर बाहेर एवढी वाजवतो, बाई,” तो म्हणाला आणि कप हातात घेऊन दारात जाऊन उभा राहिला.

आता जे घडलं ते प्रेमापोटी घडलं, हे मी आधीच सांगते, कारण पुढे त्याला नावं ठेवणारे मी ऐकले आहेत आणि त्यांच्याशी भांडलेही आहे. पावसाळ्यात त्या भिंतीला ओल यायची. श्रावणात तर दगडांवर थेंब उभे राहायचे. विठाबाईला खोकला होता आणि तिची खाट त्याच भिंतीला लागून. त्यातून तिने वस्तीत कुणाच्या तरी घरी टाइल्स पाहिल्या. मग काय विचारता. “सगळ्यांची घरं चकाचक झाली, आम्ही अजून दगडातच बसायलाव,” हे ती उठता-बसता म्हणायची. तातेरावची बायको गीता एका दवाखान्यात आया आहे. ओल म्हणजे रोग, हे तिचंही मत. शेवटी तातेरावने गवंडी बोलावला, दगडांवर सिमेंटचा जाड गिलावा मारला आणि त्यावर खालपासून वरपर्यंत टाइल्स बसवल्या. पांढऱ्या, मधोमध निळं फूल. कोनाडाही आतून टाइल्सचा. विठाबाई त्या रोज ओल्या फडक्याने पुसायची आणि त्यात तोंड बघायची. खोकला खरंच कमी झाला. त्या दसऱ्याला पहिल्यांदाच पोतारा झाला नाही. टाइल्सना काय पोतारणार?

दोन पावसाळे बरे गेले. तिसऱ्यात विठाबाई सकाळी चहाला उठली आणि तिच्या उशीवर टाइल पडली. ती उठली नसती तर डोक्यावरच पडती.

तातेरावने ती परत चिकटवली. आठवड्यात दुसरी पडली, मग तिसरी. त्याने बोटांनी भिंत वाजवून पाहिली. काही ठिकाणी भरीव आवाज, काही ठिकाणी मडक्यासारखा. त्याने डोळा भिंतीला लावून तिरकं पाहिलं. भिंत मधोमध पुढे आली होती.

त्याच सुमारास बुरुजाच्या पलीकडे, कोटाच्या ढासळलेल्या एका तुकड्याचं काम सुरू होतं. पुण्याहून आलेली माधवी नावाची तरुण इंजिनिअर ते बघत होती. परांचीवर उभी राहून ती गवंड्यांना तुटक्या हिंदीत समजावत होती आणि खाली तातेराव पिंपळाचं रोप हातात घेऊन ऐकत होता. चुन्यात बांधलेली भिंत पाणी पिते आणि ऊन पडलं की बाहेर टाकून देते, ती सांगत होती. मागे कुणीतरी इथे सिमेंट फासलं. पाणी आत गेलं, त्याला बाहेरची वाट बंद झाली. आतला चुना विरघळला, भिंतीला पोट सुटलं आणि एक दिवस ती बसली.

“किसने किया ये?” एका गवंड्याने विचारलं.

“ज्याला भिंत मजबूत करायची होती त्याने,” माधवी मराठीतच म्हणाली.

त्या दिवशी तातेरावने शिट्टी वाजवली नाही. मुलांनी बुरुजावर चढून पतंग उडवले, कुणी त्यांना हटकलं नाही.

चार-पाच दिवसांनी तो माझ्याकडे आला. गोवळकोंड्याहून नारायणगुडा काही जवळ नाही आणि दिवस कामाचा. मी खुर्ची दिली, तो बसला नाही. चहा त्याने खिडकीत उभ्याने घेतला, मग बाल्कनीत जाऊन माझे पिंपळ बघून आला, मग परत खिडकीत.

“बाई, एखाद्याला दुखणं असलं आणि डॉक्टरला दाखवलं की घर जाणार असलं, तर त्यानं काय करावं?”

“कोडी घालू नकोस. मी कोड्यांचे मार्क देत नाही.”

मग त्याने सगळं सांगितलं. टाइल्स, पोट, माधवी. माधवीला सांगितलं तर भिंत वाचेल, पण घर त्याच दिवशी खाली करावं लागेल. कोटाला लागून बांधलेलं घर, त्यात राखणदाराचंच. नोकरी राहील की नाही तेही सांगता येत नाही. आणि नाही सांगितलं तर भिंत कधीतरी येणार. आत आली तर आईच्या खाटेवर, बाहेर गेली तर रस्त्यावर. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

“रोशनीची परीक्षा हाय,” तो म्हणाला. रोशनी त्याची मुलगी, दिलसुखनगरच्या क्लासला जाते. “आईनं तर इकडं आल्यापासून दुसरं घर बगितलंच न्हाई. कुठं घेऊन फिरू तिला?”

“आधी आईची खाट तिथून हलव,” मी म्हणाले.

“हलवली. दाराशी टाकली. ती रोज इचारते, कायकू हलवली?”

“मग माधवीला सांग. उद्या सांग. तुला माहीत आहे काय करायचं ते, माझ्याकडे कशाला आलास?”

तो माझ्याकडे वळला. इतक्या वर्षांत तो माझ्यावर कधी चिडला नव्हता. “तुमच्या घराला चार भिंती हायत, बाई. बोलायला काय जातंय?”

कप खिडकीत ठेवून तो निघून गेला. मला राग आला, आणि तो खरं बोलला म्हणून जास्त आला. संध्याकाळपर्यंत मी भांडी आपटत होते.

यानंतरचं मला गीताने सांगितलं, काही माधवीने आणि काही एका भाजीवालीने. तातेरावच्या घराच्या मागे, कोटाच्या बाहेरच्या अंगाला रस्ता आहे. दुपारी तिथे कोटाची सावली पडते आणि त्या सावलीत गोंगुरा, म्हणजे आपली अंबाडी, विकणारी एक बाई बसते. तिच्या शेजारी एक भेंडीवाला, एक चपला शिवणारा. तातेराव बाहेर जाऊन बघून आला. दगडांचा एक थर दुसऱ्याच्या पुढे सरकला होता, फटीतून पाणी झिरपत होतं, आणि बरोबर त्याखाली ती बाई पाठ टेकून बसली होती.

त्याने शिट्टी वाजवली. तिने जुड्या उचलल्या, चार हात पलीकडे गेली, तो वळल्यावर परत आली. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. तो आता दिवसभर तिथेच घुटमळायला लागला. बाकीचा कोट वाऱ्यावर. आत जाऊन टाइल्स वाजवायच्या, बाहेर येऊन भाजीवाल्यांना उठवायचं, परत आत. डबा तसाच घरी यायला लागला. गीताने विचारलं तर म्हणायचा, भूक नाही. रात्री कूस बदलून बदलून त्याने तिचीही झोप घालवली.

भाद्रपदात तीन दिवस पावसाची झड लागली. चौथ्या दिवशी दुपारी जरा उघडलं आणि भाजीवाली आपल्या जागी येऊन बसली. तिच्या मांडीवर नातू होता, तान्हा. तातेराव धावतच गेला.

“उठो! उठो यहाँ से!”

“कायकू रे भाई? रोज रोज क्या परेशानी है तेरे कू?” ती म्हणाली. “चारसौ बरस से खड़ी है दीवार. मेरेच उप्पर गिरती क्या?”

कारण सांगितलं असतं तर ती उठली असती. त्याला ते सांगता येईना. तो शिट्टी वाजवत राहिला आणि ती मान हलवत जुड्या मांडत राहिली. बाळ शिट्टीच्या आवाजाने रडायला लागलं. तातेरावने शिट्टी सोडली, खाली वाकला, बाळ उचललं आणि चालायला लागला.

बाई ओरडत त्याच्या मागे. भेंडीवाला मागे, चपला शिवणारा हातात अरी घेऊन मागे. पोरं चोरली म्हणून हैदराबादेत माणसाला जिवंत सोडत नाहीत. ही वरात बुरुजाला वळसा घालून माधवीच्या परांचीखाली आली. तिथे त्याने बाळ भाजीवालीच्या हातात दिलं आणि वर बघून म्हणाला, “मॅडम, माझ्या घरात चला. आत्ता.”

माधवी आली. तिने भिंत पाहिली, वाजवली, आणि पटाशीने एक टाइल काढली. मागचा गिलावा हाताने ओढला तसा सुटला. आतून पाण्याची धार लागली, तांबूस, गढूळ. आणि दगडावर निळा रंग दिसला. निळ्याखाली निळा, त्याखाली अजून फिका निळा. विठाबाईचे दसरे एकावर एक बसले होते.

“हे कुणी केलं?” माधवीने विचारलं.

“टाइल्स मी,” तातेराव म्हणाला. “निळं आईनं.”

“निळ्याने काही नाही केलं. चुना होता तो,” माधवी म्हणाली. तिने पटाशी खाली ठेवली. “आजच घर रिकामं करावं लागेल, तातेराव. पाऊस परत आला तर मी कशाचीच खात्री देऊ शकत नाही.”

विठाबाई दाराशी खाटेवर बसून होती. तिला पुण्याचं मराठी अर्धंमुर्धंच कळलं, पण तेवढं पुरलं. “माझ्या टाइल्सपायी,” ती म्हणाली. “मीच मागं लागले रे.”

“तुझ्यापायी न्हाई. ऊठ, माय.”

त्यांनी सामान बाहेर काढलं. त्या संध्याकाळी मी गेले तेव्हा भांडी, खाट, रोशनीची पुस्तकं आणि तेलाच्या डब्यांतले सगळे पिंपळ रस्त्याकडेला ओळीने मांडलेले होते, आणि भाजीवाली त्या सामानावर पहारा देत होती. मी तातेरावला म्हणाले, “माझ्याकडे चला सगळे. माझ्या चार भिंती पडून आहेत.” त्याने माझ्या पिशवीत एक डबा ठेवला, तिसरा पिंपळ.

महिनाभर ते माझ्याकडे राहिले. मग शहराच्या टोकाला, सरकारी इमारतीत, चौथ्या मजल्यावर त्यांना घर मिळालं. त्यासाठी माधवीने किती खेटे घातले ते तिचं तिला माहीत. नोकरीही राहिली. जुनं घर पाडायला माणसं आली त्या दिवशी तातेराव ड्यूटीवर होता. तीन भिंती अर्ध्या दिवसात गेल्या. चौथीचे दगड एकेक करून उतरवले, त्यांवर खडूने आकडे घातले आणि चुन्यात परत रचले. ते काम वर्षभर चाललं. तो वर्षभर तिथेच घिरट्या घालत होता. दोन बसा बदलून सगळ्यांच्या आधी पोचायचा आणि सगळ्यांच्या नंतर निघायचा.

मला वाटलं होतं, एकदाचं सांगून टाकलं की त्याचा जीव थाऱ्यावर येईल. छे. पूर्वी तो सगळ्या कोटावर फिरायचा, आता त्या एका वळणावर फिरायला लागला. “आता कशाची काळजी?” मी विचारलं. तर म्हणाला, “भिंत बरी झाली, बाई. पण घर शोधायला पाय तिकडंच जातात, त्यांना कसं सांगू?”

पुढच्या वर्षी दसऱ्याच्या आधी रोशनीचा फोन आला. “बाई, आजी सुबह से चुना भिजवून बसलीय. इथल्या भिंतीला लावायलीय, तो टिकतच नाही. मला क्लासला जायचंय. तुम्ही येता का, प्लीज?”

मी गेले. चौथ्या मजल्यावर विठाबाई भिंतीसमोर बसली होती. नवी भिंत, तिच्यावर गुळगुळीत रंग. चुना त्यावर धरत नव्हता, सुकला की पापुद्रा होऊन खाली गळत होता. फरशीभर निळा भुगा. पुढे चुन्याचा डबा, हातात कुंचा.

“सुशीला,” ती मला म्हणाली, “मला कोटावर ने.”

समजावण्यासाठी आले होते मी. वयाने आणि शिक्षणाने मला चार गोष्टी सांगता आल्या असत्या. मी खाली जाऊन ऑटो बोलावली.

चुन्याचा डबा पायांत घट्ट धरून ती तासभर ऑटोत बसली. वळणावर उतरलो तेव्हा मला आधी जागाच ओळखू आली नाही. घर कुठेच नव्हतं. होता तो फक्त कोट, सरळ, पोट नसलेला, दगडांच्या सांध्यांत नवा पांढरा चुना. तो हळूहळू सुकावा म्हणून त्यावर ओली पोती लटकवलेली. पुढे दोरी बांधलेली. मूर्तीचा कोनाडा जागेवर होता, रिकामा.

विठाबाई दोरीखालून वाकून आत गेली. तिने एक पोतं बाजूला सारलं, कुंचा डब्यात बुडवला आणि हात वर केला.

शिट्टी वाजली. लांब, कानात जाणारी. बुरुजाकडून तातेराव पळत येत होता, डोळ्यांवर ऊन घेऊन. त्याला फक्त पाठमोरी म्हातारी दिसत होती. “ओ अम्मा! हाथ नक्को लगाओ! दीवार क्या तुम्हारे बाप की है?”

विठाबाई वळली. “माझ्या बापाची न्हाई रे,” ती म्हणाली. “तुझ्या बापाची हाय.”

तो जागच्या जागी थांबला. शिट्टी हातातच होती. कुंच्यातून निळा चुना टपटप खाली पडत होता आणि आम्ही तिघं त्या थेंबांकडे बघत होतो. मग त्याने शिट्टी सोडली, दोरी ओलांडली आणि आईच्या हातातून कुंचा घेतला.

“आता न्हाई पोतारायची, आई.”

“बरी हाय का ती?”

“बरी हाय.”

“पडणार तर न्हाई?”

“न्हाई.”

“मग झालं,” विठाबाई म्हणाली. तिने दगडावरून हात फिरवला, मग फिरून पाठ भिंतीला टेकली आणि सावकाश खाली बसली, जिथे तिची खाट असायची तिथे. डोळे मिटले. तातेरावने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. दूर चार-दोन माणसं कोट बघत उभी होती. त्याने शिट्टी ओठांपर्यंत नेली आणि परत सोडली. तो तिच्यासमोर उकिडवा बसला.

“ऊठ, माय,” तो म्हणाला. “चुना कच्चा हाय अजून. टेकायचं न्हाई.”

इतक्या हळू आवाजात कुणाला भिंतीपासून उठवताना मी त्याला कधी ऐकलं नव्हतं. ती माझ्या हाताला धरून उठली. तिच्या गडद निळ्या लुगड्यावर, पाठभर, दगडांच्या सांध्यांच्या ओल्या पांढऱ्या रेघा उमटल्या होत्या. तातेराव हाताने त्या झटकायला लागला.

“झटकू नको,” ती म्हणाली. “राहू दे.”

त्याने हात मागे घेतला. मग पोतं नीट केलं, जिथे तिची पाठ टेकली होती तिथे बोटाने चुना सारखा केला, आणि डबा उचलून आम्हाला ऑटोपर्यंत सोडायला आला. रस्ता जागोजागी उखडलेला होता आणि ऑटो सारखी आदळत होती. मी दोनदा म्हटलं, नीट रेलून बस. घर येईपर्यंत विठाबाईने पाठ टेकली नाही.